मधलं घर

बॉबिनवर अजून थोडा निळा दोरा शिल्लक होता. शिलाई मशीनचं स्टीलचं बॉबिन, मधल्या भोकातून सुतळी ओवून किल्लीला बांधलेलं — किल्ली खिशात तळाला गेली तरी हाताला चटकन लागावी म्हणून — आणि त्याच्यावर घट्ट बसलेला हा निळा दोरा, कुणाच्या तरी गणवेशाचा, शाळा सुरू होण्याच्या घाईत कुणीतरी अर्धवट वापरून सोडलेला… तिने नखाने दोऱ्याचं टोक शोधून पाहिलं. टोक सापडेना. समोरच्या पडद्यावर जिल्ह्यांची यादी कधीची उघडून थांबली होती, आणि ती आपली बॉबिन उलटंसुलटं करत बसली होती.

सकाळी चहा पिताना बाबांनी त्यांच्या जुन्या घराची ती किल्ली तिच्या कपाशेजारी ठेवली होती.

"दलालाचा फोन येईल आज. संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगा म्हणालाय."

"मग काय सांगू?"

बाबांनी तळाचा चहा एका घोटात संपवला, नेहमीसारखा स्वतःचा कप स्वतः विसळला, आणि तो पालथा घालता घालता म्हणाले, "तुला वाटेल तसं कर, सुई."

सुई. लहानपणी ती इतकी काटकुळी होती की बाबा म्हणायचे, हिला मशीनला लावली तर शर्ट शिवून होईल. आणि बाबांच्या दुनियेत मशीनशिवाय दुसरी उपमाच नव्हती, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पंचेचाळिशी उलटली, जिना चढताना धाप लागते, आणि नाव मात्र सुई. नवरा म्हणतो, तुझे बाबा अजून जुनीच आकडेवारी वापरतात.

तुला वाटेल तसं… चपला घालताना, बसमध्ये, ऑफिसच्या जिन्यावर ते तीन शब्द तिच्याबरोबर आले होते. वरवर पाहता किती सोपं. घर विकायचं म्हणजे काय, एक समोरची खोली, तिला लोखंडी शटर, मागे स्वयंपाकघर, वर पत्रा. घेणाऱ्याला गोदामासाठी हवं होतं. भाव बरा होता. बाबा चार-पाच महिने झाले इथेच होते, आणि तिकडे आता त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. सगळं जुळत होतं. मग हे बॉबिन घेऊन मी का बसले आहे, असं तिने स्वतःलाच दटावलं, आणि किल्ली कीबोर्डच्या पलीकडे सरकवून कामाला लागली.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक जिल्ह्यातल्या मधल्या घराचं वर्षाचं उत्पन्न किती ते काढायचं, आणि मागची वीस वर्षं ते कसं चढत-उतरत आलं तेही. सरासरी नव्हे — सरासरी म्हणजे बेरीज करून भागायचं, त्यात एखादा गिरणीमालक राहायला आला की सगळा गाव कागदावर श्रीमंत होतो. नोकरीला लागली तेव्हा शिकवायला आलेले म्हातारे सर म्हणाले होते, डोळे मिटा आणि जिल्ह्यातली सगळी घरं एका लांब रस्त्यावर उभी करा, सर्वांत गरीब या टोकाला, सर्वांत श्रीमंत त्या टोकाला; आता चालत जा, बरोबर मध्यावर थांबा, आणि त्या घराचं दार वाजवा. बस्स. ते घर जे सांगेल तो तुमचा आकडा. बाकीच्यांनी वहीत 'मध्यक' असं लिहून घेतलं. हिने खरंच डोळे मिटले होते.

तेव्हापासून तिला ते घर दिसायचं. प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं. कुठे दाराला पितळी कडी, कुठे दारात सायकल, कुठे आत कुणीतरी बाळाला दटावतंय. वीस वर्षं ती अशी दारं वाजवत आली होती, मनातल्या मनात, कुणाला न सांगता — सांगितलं असतं तर लोक हसले असते. स्वतःच्या माहेरच्या जिल्ह्याचं मधलं घर तर तिला अगदी पाठ होतं. फिकट निळं दार, ओट्यावर वाळत घातलेली चादर. ते बाबांचं घर नव्हतं. बाबांचं घर त्या रस्त्यावर बरंच मागे होतं. शर्टांचा कारखाना चालू होता तोवर बाबा तिथले मशीन-मेकॅनिक होते, तेव्हा ते मध्याच्या थोडे अलीकडे असतील. कारखाना बंद पडला आणि ते घरच्या शटरखाली लोकांच्या मशीन दुरुस्त करायला बसले, तसतसं घर मागे मागे सरकत गेलं. बाबांना याची गंधवार्ता नव्हती. त्यांच्या लेखी घर जिथे होतं तिथेच होतं.

"अभिनंदन!" शेजारच्या टेबलावरून नकाशेवाला म्हणाला. त्याचं काम नकाशे रंगवण्याचं, म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणत, आणि तोही फोन उचलला की "नकाशेवाला बोलतोय" असंच म्हणे. "तुमचा जिल्हा यंदा गडद झाला. इतकी वर्षं बिचारा फिकट पिवळा होता, आज प्रमोशन! चहा पाजा."

"अजून पक्का नाहीये आकडा."

"मग पक्का करा की. नकाशा तीन वाजता छपाईला जाणार. आणि मोठ्या बाईंना रंग बदललेल्या प्रत्येक जिल्ह्यावर एकेक ओळ हवीय. का वाढला, का घटला. एकच ओळ हं, निबंध नको."

मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांना निबंधाचा तिटकारा होता.

तिने आपल्या जिल्ह्याचा आकडा उघडला. खरंच वाढला होता. महागाई वजा करूनही वाढला होता, आणि तीन वर्षांचा एकत्र धरूनही. तिला आनंद झाला, हे तिने कबूल केलं. माहेरचं चांगलं ऐकलं की होतो तसा साधा, थोडा बावळट आनंद. मग सवयीने ती आत शिरली, कुठल्या थरात काय झालं ते पाहायला. वरच्या थरात काही झालं नव्हतं. मधल्या थरात काही नाही. लोकांचे पगार जिथल्या तिथेच होते. कारखाना बंदच होता, नवीन काही उघडलं नव्हतं… मग वाढलं काय? ती खाली खाली गेली आणि तिथे, अगदी खालच्या टोकाला, घरंच कमी झाली होती. एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं. एक खोली, एक माणूस, तुटपुंजी पेन्शन. मागच्या पाहणीत ती होती, या पाहणीत नव्हती. त्यांच्या नावापुढे प्रगणकांनी — दारोदार फिरून माहिती लिहिणाऱ्या त्या पोरापोरींनी — एकच शब्द लिहिला होता: बंद.

बंद घर हिशेबात येत नाही. हा नियम तिनेच किती जणांना शिकवला होता. दार वाजवायचं, पुन्हा एकदा जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं; कुणी राहत नसेल तर 'बंद' लिहून पुढे व्हायचं.

म्हणजे कुणीच पुढे गेलं नव्हतं. मागची घरं रस्त्यावरून उठून गेली, म्हणून मध्य पुढे सरकला. मुलगा येऊन आईला घेऊन गेला, मुलगी येऊन बापाला… आणि इथे आकडा चढला, रंग गडद झाला, चहा पाजा. तिने किल्लीकडे पाहिलं. बाबांचं घर कायमचं बंद झालं की मध्य अर्ध्या घराने पुढे सरकेल. एक घर गेलं की अर्धं घर पुढे. हे गणित पहिल्या वर्षाच्या मुलांना येतं. फिकट निळ्या दारावरून ती अर्धवट पुढे ढकलली जाईल, शेजारच्या भिंतीपर्यंत. आणि बाबांची ती पेन्शन या शहरात तिच्या घराच्या उत्पन्नात मिळवली जाईल, कारण एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. म्हणजे इथेही तिचं घर रस्त्यावर चिमूटभर पुढे जाईल. तिकडे वाढ, इकडे वाढ. दोन्ही जिल्हे सुधारले. कुणाच्या खिशात दमडी जास्त आली नाही, फक्त एका माणसाची चूल विझली…

छे. उगाच. एका घराने काय होतंय, लाख घरं आहेत, बाबांचं घर पाहणीच्या नमुन्यात तरी आहे का? ती उठून पाणी पिऊन आली.

खरं म्हणजे तिला बाबा हवे होते. यात लपवाछपवी कशाला. गेल्या थंडीत तिकडे बाबा मोरीत पडले, आणि समोरच्या शिंप्याच्या लक्षात आलं की एवढं ऊन वर आलं तरी शटर उघडलेलं नाही, म्हणून तो मागच्या दाराने गेला. शिंप्याच्या लक्षात आलं नसतं तर? त्या 'तर'शी तिने कितीतरी रात्री कुस्ती केली होती. बाबांना घेऊन आली त्या दिवशी तिला शांत झोप लागली. आणि दुसरंही एक होतं, जे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं: संध्याकाळी बसमधून उतरून कोपऱ्यावर आलं की वरच्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीत दिवा दिसतो. आधी नसायचा. आधी ती स्वतः जाऊन लावायची. आता कुणीतरी आहे, हे खालूनच कळतं, आणि तिची पावलं आपोआप भरभर पडू लागतात, शाळेतून घरी यायची तशी. या वयात असं व्हावं याची तिला थोडी लाजही वाटायची.

"काय मग, ओळ सुचली का?" नकाशेवाल्याने खुर्ची फिरवली.

"सुचतेय. नमुना फार लहान आहे. सगळ्या जिल्ह्यातून मूठभर घरं. नुसतं त्यांचं ऐकलं तर आकडा दरवर्षी उड्या मारेल."

"मग नेहमीचंच करा. घ्या उसनं."

नेहमीचंच. लहान जिल्ह्याची हीच रीत. जिथे मोजकीच माणसं बोललेली असतात तिथे त्यांच्या बोलण्यावर विसंबायचं नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांकडून उसनं घ्यायचं, वाटीभर साखर आणावी तसं. त्यांच्यासारखी वस्ती, त्यांच्यासारखे धंदे, त्यांच्यासारखं वय असलेल्या ठिकाणी काय आढळलं ते पाहायचं, आणि त्यावरून इथे काय असेल ते ठरवायचं. नमुना जितका लहान तितकं त्याचं वजन कमी, शेजाऱ्यांचं जास्त. यातून उत्तर चांगलं येतं, बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळ जातं, हे तिने स्वतः ताडून पाहिलं होतं. तिच्या जिल्ह्याच्या आकड्यात तिच्या जिल्ह्याचं असं फार थोडं होतं. फिकट निळं दार तरी कुठलं, कोण जाणे.

"मला तुमच्या खात्याची ही एक गंमतच वाटते बघा," नकाशेवाला म्हणाला. हा विनोद तो दर वर्षी करायचा, आणि दर वर्षी पहिल्यांदाच सुचल्यासारखा. "घरमालक दारात उभा आहे. तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारता. तो बिचारा कमी बोलतो. म्हणून तुम्ही वळता आणि शेजाऱ्यांना विचारता, काय हो, याच्या मनात काय असेल?"

"मनात नाही. खिशात."

"तेच ते!"

दर वर्षी ती यावर हसायची. आजही हसली, पण हसू ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं, आणि ती पडद्याकडे तोंड करून बसली, म्हणजे नकाशेवाल्याला तिचा चेहरा दिसू नये.

कारण तिने अगदी हेच केलं होतं.

घराचं काय करायचं हा प्रश्न निघाल्यावर तिने सगळ्यांत आधी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, अगं, एकटा कसला राहतोय, लेकीकडे सुखात राहील. मग दादाला, तो परदेशातून घाईघाईत म्हणाला, विकून टाक, तुझ्याकडे आहेत म्हटल्यावर मला घोर नाही. डॉक्टरांना विचारलं. समोरच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, काका गेले तर करमणार नाही आम्हाला, पण त्यांच्या दृष्टीने तेच बरं. ऑफिसातल्या दोघींना विचारलं ज्यांनी आपापल्या वडिलांना आणलं होतं. सगळे एका सुरात बोलले. आणि त्या सगळ्यांवरून तिने बाबांच्या मनात काय आहे ते काढलं. चुका होऊ नयेत म्हणून इतकी काळजी घेतली. फक्त बाबांना विचारलं नाही… नाही, विचारलं होतं की, एकदा; जेवताना, "तुमची काही हरकत नाही ना?" असं, आणि ते म्हणाले, "माझी कसली हरकत." कमी बोलणारा माणूस. नमुना लहान. वजन कमी.

आणि बाकीचं? ते जे मधून मधून उडी मारून वर यायचं आणि तिने सफाईने खोडून टाकलं होतं? नीट आठवलं तर बाबा अगदीच गप्प नव्हते. एकदा त्यांनी विचारलं होतं, तिकडची बस इथून कुठून सुटते गं? "कशाला?" "सहज." सहज म्हणाले म्हणून तिने सहज सोडून दिलं. एकदा रविवारी म्हणाले, इतक्यात त्या शिंप्याच्या मशीनचा पट्टा ढिला झाला असणार, दर वर्षी होतो. ती म्हणाली, करेल कुणीतरी दुसरं. त्यावर ते "हो, करेल की" म्हणाले आणि वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचायला लागले.

आणि मशीन. इथे तिच्या घरात आईची जुनी शिलाई मशीन होती, कधीची कोपऱ्यात पडलेली. आल्या आल्या बाबांनी ती बाल्कनीत नेली, उघडली, तेलपाणी केलं, फिरती केली. तिला किती बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा उघडली. मग रोजच. सकाळी सगळे भाग सुटे करून फडक्यावर ओळीने मांडायचे, पुसायचे, आणि संध्याकाळपर्यंत जोडून ठेवायचे. नवरा म्हणाला, बाबा आपल्या मशीनचं रोज ऑपरेशन करतात, पेशंट धडधाकट असून. दोघं पोट धरून हसले होते. आत्याला फोनवर तिने सांगितलं, छान रमलेत गं, दिवसभर मशीनशी खेळत असतात.

न बिघडलेली मशीन रोज दुरुस्त करणारा माणूस रमलेला असतो का? हे मला दिसलं नाही. वीस वर्षं मी बिंदू जोडून रेघा काढते, आणि जो बिंदू रेघेत बसत नाही त्याचं काहीतरी कारण असतं, ते शोधा, असं नव्या मुलांना ओरडून सांगते, आणि बाबांच्या बाबतीत मी नुसती एक गुळगुळीत रेघ काढून मोकळी झाले… तिला राग आला, तो कुणावर ते कळेना. बाबांवरही आला. इतकं मोघम का बोलावं माणसाने? तुला वाटेल तसं कर म्हणे! स्वतःचं घर, स्वतःचं म्हातारपण, आणि वाटायचं मात्र मला.

फोन वाजला. दलालच होता.

"मॅडम, काय ठरलं मग? पार्टी थांबलीय."

"तुम्ही वडिलांशी बोललात का?"

"बोललो की, चारदा बोललो. काका म्हणतात, मुलीला विचारा."

"आणि मुलगी म्हणतेय, वडिलांना विचारा."

"अहो मग माझं कसं व्हायचं?" दलाल हसला, पण वैतागून. "तुम्ही दोघं एकमेकांच्या दारात चेंडू टाकताय. तुमचं मत तरी सांगा. विकावं असं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला वाटतंय. पण घराचे मालक ते आहेत ना?"

"मॅडम, सगळ्यांचं असंच असतं. म्हातारी माणसं तोंडाने बोलत नाहीत, आपण ओळखून घ्यायचं."

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली.

"पार्टी हातची जाईल."

"गेली तर जाईल."

हे वाक्य आपण बोललो याचं तिला फोन ठेवल्यावर आश्चर्य वाटलं. लगेच भीतीही वाटली. गिऱ्हाईक खरंच गेलं, आणि बाबांनी परत जायचं म्हटलं, आणि पुन्हा एखाद्या सकाळी शटर उघडलं नाही… शिंप्याचं लक्ष रोज थोडंच असतं. आपण कुठल्या तोंडाने दादाला सांगणार? सगळे म्हणत होते, सगळ्यांचं एक मत होतं, तरी मी ऐकलं नाही, असं? आणि सगळे चुकत असतील कशावरून? बहुतेक वेळा शेजाऱ्यांवरून काढलेलं उत्तर बरोबर येतं. बहुतेक वेळा. तिने कपाळ दाबून धरलं.

तीन वाजायला आले तेव्हा तिने ओळ लिहिली. आधी लिहिलं, 'कुटुंबांच्या उत्पन्नात वाढ.' मोठ्या बाईंना चालली असती. मग ती खोडली आणि लिहिलं, 'उत्पन्न वाढलेलं नाही; कमी उत्पन्नाची एकेकटी घरं बंद झाल्यामुळे मध्यक वर सरकला आहे.' नकाशेवाल्याने वाचलं आणि पेन्सिलीने कान खाजवला.

"म्हणजे रंग काय देऊ? फिकट की गडद?"

"आकड्याप्रमाणे गडद."

"आणि खाली लिहायचं, हा गडद खरा गडद नाही?"

"हो. लिहा."

"बाई मला खातील." पण त्याने लिहून घेतलं. मग तिच्याकडे जरा निरखून पाहत म्हणाला, "बरं वाटत नाहीये का? चहाचं राहू द्या, तुम्हीच प्या."

ती लवकर निघाली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. हातात किल्ली होती, बॉबिन तळहातात रुतत होतं, आणि मन सवयीने त्याचं काम करत होतं: बाबा काय म्हणतील? म्हणतील, बघ बाई, तुझ्या सोयीने. नाहीतर म्हणतील, आता तिकडे काय उरलंय. किंवा चिडतील. चिडणार नाहीत, ते कधी चिडत नाहीत. प्रत्येक उत्तराला ती मनात एकेक वजन देत होती, आणि हे आपल्या लक्षात आल्यावर तिला हसू आलं, रडूही आलं. शेजारच्या बाईने पर्स उगाच मांडीवर ओढून घेतली. कोपऱ्यावर उतरून तिने वर पाहिलं. अजून उजेड होता, त्यामुळे खिडकीत दिवा नव्हता. आज पावलं भरभर पडली नाहीत.

बाबा बाल्कनीत स्टुलावर बसले होते. पुढ्यात फडकं, फडक्यावर मशीनचे भाग, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने.

"आज लवकर?"

"हो."

"चहा टाकू?"

"नको. बसा तुम्ही."

ती चप्पलही न काढता खाली, उंबऱ्यावर बसली. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलेलं सगळं जिन्यात सांडून गेलं होतं. तिने किल्ली फडक्याच्या कडेला ठेवली.

"दलालाला काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं. उद्या सांगते म्हटलं."

"का गं? भाव चांगला होता ना?"

"बाबा," ती म्हणाली. "मला काय वाटतं ते मी सांगते. तुम्ही इथे राहावं असं मला वाटतं. तुम्ही तिकडे एकटे असलात की माझा जीव टांगणीला लागतो. संध्याकाळी वर दिवा दिसला की मला बरं वाटतं. हे माझं झालं. पण माझ्या वाटण्याने घर विकायचं नाही. तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांनी हातातला स्क्रू फडक्यावर त्याच्या जागी ठेवला.

"मला काय, कुठेही…"

"कुठेही नको. आत्या काय म्हणते ते माहितीये मला. दादाचंही माहितीये. तुमचं माहीत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, होईना. बाबांनी किल्ली उचलली. अंगठ्याच्या नखाने ते बॉबिनवरचा दोरा चाचपू लागले, आणि एका क्षणात त्यांना टोक सापडलं, दिवसभर तिला न सापडलेलं. ते टोक त्यांनी बोटाला एकदा गुंडाळलं. मग सोडलं. मग पुन्हा गुंडाळलं.

अशी शांतता आली की आजवर ती लगेच भरून काढायची — बरं असू द्या, सावकाश सांगा, काही घाई नाही, मी बघते. तिच्या जिभेवर ते सगळे शब्द आले होते. रिकाम्या जागा भरण्यातच तिचा जन्म गेला होता, आणि रिकामी जागा तशीच समोर ठेवून बसणं किती अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. तिने तळहात गुडघ्यांवर दाबून धरले. हो म्हणाले तर काय, नाही म्हणाले तर काय, हेही तिने बाजूला ठेवलं. आणि तसं ठेवल्यावर समोर स्टुलावर बसलेला माणूस तिला अनोळखी दिसला, पांढऱ्या भुवयांचा, कोपरावर तेलाचा डाग असलेला, ज्याच्या मनात काय आहे ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिला त्याची फार माया आली. भीतीही तेवढीच वाटली.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"ऐक, सुई," ते म्हणाले.

ते पुढे काय म्हणणार याचा तिने अंदाज केला नाही.